मागची भिंत तशीच ठेवली

वंदीची माय, तुहा ओव्हन मी घासला. तुले विचारलं नाही. विचारायले तू नव्हती, आणि असती तर हातच लावू दिला नसता.

हात कोपरापर्यंत काळा झाला. नखात गेलेलं काळं अजून बी निघालं नाही. तू पाह्यलं असतं तर म्हणाली असती, "आता तोंड बी घाला त्यात." कोणी म्हणालं नाही. घर एवढं चूप झालं की माणसाले आपणच आपल्याले बोलणी द्या लागते.

लोकं येतात, ओसरीवर बसतात, तू किती चांगली होती ते सांगतात. मी मान हलवतो. तू चांगली होती हे मले सांगायले कोणी मेडशीवरून यायची गरज नाही. मले बोलायचं आहे ते भांडणाचं. आपलं भांडण अर्धं राह्यलं, आणि अर्धं भांडण घेऊन एकटा माणूस काय करीन? म्हणून लिहून राह्यलो. मी चौथीपर्यंत शाळेत गेलेला, तू तेवढी बी नाही. मले धड लिहिता येत नाही, तुले वाचता येत नव्हतं. बरोबर जमलं.

तुह्या जलदानाचा कार्यक्रम झाला, पाव्हणे आपापल्या गाडीनं गेले. वंदी जाता जाता चुलीकडं गेली. चूल म्हणतो मी अजून. चूल कधीचीच गेली, तिथं तुहा ओव्हन आहे. तिनं दार उघडलं, वाकून पाह्यलं, लगेच लावलं. म्हणाली, "बाबा, हा मी मंगरूळले नेईन. तुमी कुठं चालवता आता. फक्त साफ करून ठेवा, लय घान झाला. रविवारी घ्यायले येईन."

"ने," म्हणालो.

आपली एकच पोर, आणि तिनं मायच्या घरातून एवढंच मागितलं. लुगडं नाही मागितलं, डोरलं नाही. आणि वस्तू तिचीच. मंगरूळपीरच्या दवाखान्यात सिस्टर म्हणून लागली तेव्हा तिनंच तो वाशिमहून आणला होता, एसटीत मांडीवर घेऊन. तुहे धुरानं लाल झालेले डोळे पाहू पाहू तिनं नोकरी मिळवली होती. म्हणे, "माय, आता फुकनी फेक."

तुले आठवते ना दुसऱ्या दिवशीची सकाळ? मी तोंड धुऊन आत आलो तं तू जमिनीवर बसलेली. बाजूले पोतेऱ्याचं भगुनं, त्यात पांढरी माती कालवलेली, आणि तुहा हात त्या नव्या कोऱ्या ओव्हनच्या पोटात. सारवून राह्यली होती. सगळं आतून. तारेची पिन काढून पदरात बांधली होती, कोणी बटन दाबू नाही म्हणून. तेवढी अक्कल होती तुले. वंदी आंघोळ करून आली आणि दारातच थांबली.

"माय, हे काय करून राह्यली वं?"

"काय म्हंजे? कोरी चूल सारवल्याबिगर पेटवतात काय?"

"अवं, तो ओव्हन हाये."

"अन्न शिजते ना त्याच्यात? मंग चूल हाये."

"खराब होईन ना तो. त्याले फडक्यानं पुसत असतात."

"पुसाले तो काय आरसा हाये?" आणि माह्याकडं पाहून म्हणाली, "तुमी काय हासता? तुमच्या मायनं मले या घरात पाय ठेवल्या ठेवल्या पह्यले चूलच सारवाले लावली होती. हळद बी वाळली नव्हती हाताची."

मी हसत होतो हे खरं. वंदीनं ओलं फडकं घेऊन दोन्ही बाजू पुसून काढल्या. तापायच्या सळयांले तू हात लावला नव्हता, त्या वाचल्या. मागच्या भिंतीपर्यंत तिचा हात जाईपर्यंत माती धरून गेली होती. पोरगी रागारागात दवाखान्यात निघून गेली. आणि ती फाट्यावर पोचली नसन तोच तू राह्यलेलं सारवून घेतलं.

तेव्हापासून तुहा तोच नेम. ओव्हन चालवला की थंड होऊ द्यायचा, पिन काढून पदरात बांधायची, आणि मागच्या भिंतीवर मातीचा एक हात फिरवायचा. सारवल्याबिगर शिजवणं म्हंजे उष्ट्या ताटात वाढणं, असं तू म्हणायची. वंदी सुट्टीत आली की बाजू घासून टाकायची, ती गेली की तू सारवायची. मायलेकी एका डब्यावरून अशा लढल्या. मी कोणाच्याच बाजूनं नव्हतो. मले त्या डब्याचाच राग होता.

तं शुक्रवारी बसलो घासायले. लीलाबाई कुडावरून पाहून राह्यली होती. शेजारी राहून तिचं आयुष्य कुडावरून पाहण्यातच गेलं, तुले माहीतच आहे.

"भाऊजी, काय करता?"

"दिसत नाई काय? पोहून राह्यलो."

"राखेनं घासता काय ते? वरखडे पडतीन. खायचा सोडा पान्यात कालवा, लावून ठेवा, मंग पुसा. माही सून तसंच करते."

मी राखच घेतली होती, आणि काथ्या. आपल्याले दुसरं काय माहीत? पण मंग सोडा आणला. जाळी आणि ताटली गरम पाण्यात बुडवली. आतून सगळीकडं सोड्याचा लेप दिला आणि बाजूले बसून राह्यलो. बसल्या बसल्या हात आपोआप पिनीवर गेला. पाह्यलं तं मी बी पिन काढून धोतराच्या सोग्यात बांधली होती. कधी बांधली, ध्यानात नाही.

लेप वाळला, मंग खरवडायले घेतलं. वरचं छत पाह्यलं आणि तुहं वांगं आठवलं. तू भरीत करायले सबंध वांगं ठेवलं होतं, टोचलं नव्हतं. निखाऱ्यावर कधी टोचा लागलं नाही, तं इथं कायले टोचाचं, असं तुहं म्हणणं. ते फुटलं तेव्हा मी ओसरीवरून उठून पळालो. तू जागची हलली नाही. दार उघडून, छताले चिकटलेलं वांगं चमच्यानं काढून वाटीत घेतलं आणि तेल-कांदा घालून मलेच वाढलं. वांग्याची बी अजून तिथंच होती, काळी, तिळासारखी. चाकूच्या टोकानं काढली.

दाराच्या काचेवर जयंतीचा केक. वंदीनं तुले शिकवला, आणि मंग दर जयंतीले विहारात तुहाच केक. पह्यल्या वर्षी तू भांडं काठोकाठ भरलं. तो फुगून सगळा दारावर आला आणि तू बाहेरून काचेले हात जोडून उभी, "थांब रे बापा, थांब." उरला तेवढा नेला. वर निळा रंग लावला होता, तो पोरांच्या दातांले लागला. सगळ्या वस्तीतली पोरं दिवसभर निळं हसत फिरली. लीलाबाईच्या नातवानं खाता खाता विचारलं होतं, "आजी, याच्यात रेती काहून लागते?" तू म्हणाली, "रेती नाई, ताकद हाये." मागची माती तापून तडकायची आणि तिचे कण पडायचे. तुहं सगळं शिजवलेलं थोडं थोडं कचकच लागायचं. मी तोंडावर सांगायचो. तू म्हणायची, "चुलीवरच्या भाकरीले राख लागे, ते चाले ना तुमाले?"

हे सगळं खरवडता खरवडता मी चांगला होतो. हसत बी होतो एकटाच. मंग मागच्या भिंतीले हात लागला.

तिथं काळ्याचा जाड थर होता, डांबरासारखा. तेल, गूळ, पीठ, सगळं जळून एक झालेलं. पह्यले वाटलं, एवढं घाण कसं केलं या बाईनं. मंग समजलं. बाकीचं काळं जुनं होतं, हे नवं होतं. इथं तं तू दर वेळी माती फिरवायची, इथं काळं जमायलेच नको होतं. म्हंजे तू सारवणं सोडलं होतं. कधी सोडलं, मले माहीत नाही. मागच्या जयंतीनंतर तू खाली बसत नव्हती, उभ्यानंच सगळं करायची, एक हात ओट्याले धरून. मी म्हणालो होतो, "बस ना." तू म्हणाली, "बसली तं उठवान कोन, तुमी?" मी गंमत समजलो. तुले खाली बसता येत नव्हतं, वाकून आत हात घालता येत नव्हता. डॉक्टरनं जे आमाले शेवटी सांगितलं ते त्या भिंतीवर आधीच जमून राह्यलं होतं. दार उघडून पाह्यलं कोणी?

चाकूचं टोक त्या थराखाली घातलं. तो पोळीचा पापुद्रा सुटावा तसा सुटला. खाली पांढरं. बॅटरी आणली, आत धरली.

तुही बोटं होती.

सारवताना हात फिरतो तशी, अर्ध्या गोलात, एकाखाली एक. तीन बोटं जवळजवळ आणि चौथी रेघ दूर, एकटी. तुही करंगळी. विळ्यानं कापली गेली आणि वाकडीच जुळली ती. जमिनीवर, भिंतीवर, तू कुठं बी सारवलं तरी ती रेघ वेगळी पडायची. मी लग्नाच्या पह्यल्या वर्षापासून ती रेघ पाहत आलो. घरात फरशी बसली तेव्हापासून दिसली नव्हती.

बॅटरीचा उजेड पिवळा पडेपर्यंत मी वाकून होतो. पाठ धरली. उठलो नाही.

तेवढ्यात लीलाबाई आत आलीच. "झालं काय, भाऊजी? अगाई, चकचक केला. मागचं राह्यलं पा. सरका, मी काढून देते, तारेच्या घासनीनं पटकन निघते."

"हात लावू नको."

"अहो, पोरगी येऊन राह्यली ना घ्यायले? अर्धं घासून देता काय तिले?"

"हात लावू नको म्हनलं ना."

जरा मोठ्यानंच बोललो. ती गेली. संध्याकाळी तिनं भाजीची वाटी पाठवली म्हंजे रागावली नाही. पण तिचं बोलणं डोक्यात राह्यलं. पोरीले शब्द दिला होता, साफ करून ठेवतो म्हणून. तिनं नेला की पह्यल्या दिवशी ती ते घासून टाकणार, तिले स्वच्छतेची सवय आहे, दवाखान्यातली बाई. न द्यावा तं एकच वस्तू मागितली पोरीनं. आणि दिला तं तुहा हात गेला. शनिवार सगळा असाच गेला. दार उघडायचो, पाहायचो, लावायचो.

मले एक सांग, तुह्या हाताचं दुसरं काय राह्यलं या घरात? फरशीवर तं काही उमटत नाही. भांड्यावर नाही. गोवऱ्या राह्यल्या. आता गोवऱ्यांचं ऐक.

आपलं भांडण रोडग्याचं. मी म्हणायचो, रोडगा म्हंजे गोवरीच्या धगीतला. वरून राख झटकावी, फोडावा, आतून वाफ यावी, वर तूप, संगं वांग्याची भाजी. ओव्हनातला रोडगा म्हंजे उकडलेला पिठाचा गोळा. तू म्हणायची, "गोवऱ्या तुमी पेटवा. धूर बी तुमीच खा. माह्या डोळ्यानं तुमचे लय रोडगे भाजले." मंग मी चवीवर यायचो. मागच्या हिवाळ्यात ओव्हनातले केले तू. मी पोटभर खाल्ले आणि म्हणालो, जमले नाही.

"जमले नाई तं खाल्ले कायले?"

"भूक लागली होती."

"भूक लागली तं मानूस दोन खाते. ताट पुसून घेतलं तुमी."

मंग ठरलं की पुढच्या हिवाळ्यात दोन्ही करायचे. गोवरीचे मी, ओव्हनातले तू. एकाच पिठाचे, एकाच दिवशी. वंदी डोळे मिटून खाईन आणि सांगन. तुहा भरवसा एवढा की उन्हाळ्यात तूच माह्यासाठी गोवऱ्या थापल्या. खाली बसून थापता येत नव्हत्या, तं पाटावर शेण घेऊन ओट्यापाशी थापल्या. "मंग म्हनसान, गोवऱ्या ओल्या होत्या म्हून हरलो."

पावसाळा सरत आला आणि तू गेली. सरणाले गोवऱ्या पाह्यजे होत्या. वस्तीतली पोरं आपल्याच ढिगाकडं गेली. मी पाहत होतो. थांबा म्हणायले तोंड उघडलं नाही. तुह्या हातच्या गोवऱ्या तुह्याच संगं गेल्या. थोड्याशा राह्यल्या, त्या कोठ्यात ताडपत्रीखाली आहे. प्रत्येकीवर चार बोटं, चौथं दूर.

म्हणून ते भांडण आता मिटायचं नाही. त्या गोवऱ्या मी पेटवणार नाही. आणि बाजारच्या गोवरीवर खेळायचं तं ते ठरलं नव्हतं.

रविवारी वंदी आली. दार उघडून पाह्यलं. छत पाह्यलं, काच पाह्यली, बोट फिरवून पाह्यलं.

"बाबा, तुमी केलं हे? नवा दिसून राह्यला."

"सोडा लावला."

मंग ती वाकली. "मागचं राह्यलं ना पन."

मी बॅटरी तिच्या हातात दिली. तिनं आत धरली. लय वेळ तिचं डोकं त्या डब्यात होतं, मले तिची पाठच दिसत होती. मंग तिचा दुसरा हात आत गेला. तिनं त्या रेघांवर आपली बोटं ठेवली असतीन. करंगळी दूर करून ठेवली असन. मले दिसलं नाही, मी विचारलं नाही.

बाहेर आली तं डोळे पुसत म्हणाली, "मी एवढी भांडली होती या मातीवरून."

"ती जिंकली तं," मी म्हणालो.

"नेऊ ना मंग? का राहू देऊ तुमच्याजवळ?"

इथं मी चुकलो असतो. राहू दे, असं जिभेवर आलं होतं. पण इथं राहून तो काय करीन? मी दार उघडीन आणि लावीन. चुलीत जाळ नाही तं ती चूल नाही, हे तूच म्हणाली असती.

"ने," म्हणालो. "पन चालव. देवासारखा मांडून ठेवू नको."

फाट्यावर एसटी आली तं कंडक्टर म्हणे, "ताई, डबा मागं ठेवा." ती म्हणे, "डबा नाई, चूल हाये." मांडीवर घेऊन बसली. जसा आणला तसाच गेला.

आज ती परत आली होती. पहाटे निघाली, वाशिमले गाडी बदलली, आणि फडक्यात बांधलेला डबा माह्यापुढं ठेवला. रोडगे. पहाटे उठून तुह्या ओव्हनात केलेले. संगं वांग्याची भाजी. अजून थंडी बी पडली नाही, पण पोरगी थांबली नाही.

"खा बाबा. आन खरं सांगा."

मी फोडला. वाफ नव्हती, एवढ्या लांबून आलेला. तूप घातलं, पह्यला घास घेतला. आणि दाताखाली कचकन आलं.

वंदीनं ऐकलं. आवाज तिच्यापर्यंत गेला एवढं मोठं होतं ते. तिनं तळहात पुढं केला, लहान पोरापुढं करतात तसा. "माती आली वाटते. थुका, बाबा."

मी मान हलवली. चावलं. आणखी एकदा कचकन झालं, मंग बारीक झालं, मंग गिळलं.

"कसा झाला?"

"गोवरीवानी नाई."

ती हसली आणि रडली, दोन्ही एकदम. मी दुसरा फोडला. त्यात काही निघालं नाही. तिसरा फोडला.

"जमले नाई तं तीन कायले खाता?" वंदीनं विचारलं. आवाज तुहाच.

"भूक लागली," मी म्हणालो, आणि ताट पुसून घेतलं.